कडीपाटाच्या जमिनीत आडवे ठोकळे बसवताना

गिरगावातील आमच्या इमारतीच्या बाहेरच्या भिंती विटांच्या असल्या, तरी आतला सगळा सांगाडा सागवानी आहे. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या, फळ्यांवर चुन्याचा कोबा आणि त्यावर लाद्या, अशी आमच्या पायाखालची रचना आहे. आणि आमची जमीन हेच खालच्या मजल्यावरच्या काकूंचे छत आहे. घराचे नूतनीकरण काढले तेव्हा बाहेरच्या खोलीची जमीन आधी कोब्यापर्यंत उघडली आणि मग फळ्याही उचलल्या. रंग, ओटा, खिडक्या यांविषयी सल्ला देणारे पुष्कळ जण भेटतात. मला लिहायचे आहे ते दोन कड्यांच्या मध्ये बसवायच्या आडव्या ठोकळ्यांविषयी, आणि त्यातही ते ठोकळे कड्यांना कसे जखडावेत याविषयी. हे काम जवळून पाहिल्यावर माझी खात्री झाली आहे की ठोकळ्याची सारी उपयुक्तता त्याच्या दोन टोकांवर ठरते. मधले लाकूड कितीही उत्तम असले आणि टोके सैल राहिली, तर त्या ठोकळ्याने जमिनीचे फक्त वजन वाढवलेले असते.

याचा पुरावा फळ्या उचलल्याबरोबर समोर आला. मूळ बांधणाऱ्यांनी खोलीच्या मध्यावर ठोकळ्यांची एक ओळ घातलेली होती. ठोकळे सागवानाचे होते, चांगले रंधलेले होते आणि आजही निरोगी होते. मात्र ते ज्या चौकोनी लोखंडी खिळ्यांनी ठोकले होते, ते खिळे गंजून सुईसारखे बारीक झाले होते आणि त्यांच्याभोवतीचे लाकूड काळे पडले होते. काही ठोकळे एकाच टोकाने लोंबत होते, काही खालच्या छताच्या फळ्यांवर नुसते पडलेले होते. कोणी खोलीतून भरभर चालले की काचेच्या कपाटातली भांडी का किणकिणत, आणि पलंगाच्या एका पायाशी जमीन का दबत असे, याचे उत्तर त्या निकामी ओळीत होते.

आमच्या कड्या साधारण अडीच इंच जाड आणि आठ इंच उंच आहेत आणि त्यांचा दोन टेकूंमधला पल्ला बारा फुटांचा आहे. कडी उभी धरली की वजन उचलायला ती भक्कम असते, पण जाडीच्या दिशेने ती दुबळी असते. वर भार आला की नुसती खाली वाकण्याऐवजी तिला कुशीवर कलण्याची आणि पिळवटण्याची ओढ लागते. लाकडी बांधकामाच्या आराखड्यासाठी भारतीय मानक ८८३ आहे. त्यात असा नियम आहे की कडीची उंची तिच्या जाडीच्या तिपटीहून अधिक असेल, किंवा तिची लांबी जाडीच्या ५० पटींहून अधिक असेल, तर तिला बाजूंनी आधार द्यावा आणि अशा दोन आधारांमधले अंतर जाडीच्या ५० पटींपेक्षा अधिक नसावे. आमच्या कडीला हा हिशेब लावला, तर तिप्पट जाडी साडेसात इंच होते आणि उंची आठ इंच आहे. ५० पट जाडी १२५ इंच होते आणि पल्ला १४४ इंच आहे. दोन्ही अटींनुसार आधार हवाच. मध्यावर एक ओळ घातली की आधारांमधले अंतर ७२ इंचांवर येते आणि अट आरामात पूर्ण होते. इंग्लंडमधल्या इमारतींच्या नियमांत याच गोष्टीचा सोपा आडाखा आहे : अडीच ते साडेचार मीटर पल्ल्याला मध्यावर एक ओळ, त्याहून मोठ्या पल्ल्याला एकतृतीयांश अंतरांवर दोन ओळी. आमचा पल्ला सुमारे ३.६५ मीटर भरतो, म्हणजे तिथेही उत्तर एकच ओळ असेच येते.

ठोकळ्यांचे दुसरे काम वजन वाटून देण्याचे आहे, आणि घरात राहणाऱ्याला पायाखाली जाणवते ते हेच. पलंगाचा पाय एका कडीवर येतो. शेजारची कडी तशीच निवांत असते. दोन्ही कड्या घट्ट ठोकळ्याने जोडलेल्या असल्या, तर भाराखालची कडी दबू लागताच शेजारच्या दोन कड्या तिच्याबरोबर काम करू लागतात. मात्र टोकाशी एखाद्या मिलिमीटरची जरी फट असली, तरी भाराखालची कडी तेवढी एकटीच दबते आणि जमिनीचा हेलकावा प्रामुख्याने त्या पहिल्या मिलिमीटरमध्येच असतो. म्हणून ठोकळा जागेवर असणे आणि ठोकळा काम करत असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

मुंबईच्या जुन्या घरांत या वजनाचा विचार विशेष गांभीर्याने करायला हवा. आमची इमारत १ सप्टेंबर १९४० पूर्वीची, म्हणजे उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) इमारतींच्या ‘अ’ वर्गातली आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधली गेली आणि मालकांना दुरुस्तीत रस उरला नाही. भाडेकरूंनी आपापल्या खोलीपुरती डागडुजी केली, आणि ती बहुतेक वेळा जुन्या लादीवर नवी लादी बसवण्याच्या रूपाने. हिशेब करून पाहा : ४० मिलिमीटर सिमेंटचा मसाला आणि २० मिलिमीटरची लादी, असा एक थर चौरस मीटरला साधारण १३० किलो भरतो. राहत्या खोलीसाठी माणसे आणि सामान मिळून जो चल भार भारतीय मानक ८७५ मध्ये धरला आहे, तो चौरस मीटरला सुमारे २०० किलोचा आहे. म्हणजे एका जादा थराने कडीची निम्म्याहून अधिक शिल्लक ताकद खाल्ली. आमच्या खोलीत मूळ लाद्यांवर असे जादा थर निघाले. ते उतरवले, तेव्हाच कड्या मध्यावर किंचित वर आल्या हे दोरी लावून स्पष्ट दिसले. ठोकळे जखडायचे ते ओझे उतरवून झाल्यावरच. दबलेल्या कड्यांमध्ये ठोकळे घट्ट केले, तर आपण ती दबलेली अवस्थाच कायम करतो.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. ठोकळे हा कुजलेल्या कडीवरचा उपाय नाही. चाळींत आणि जुन्या इमारतींत कड्यांची मोरीकडची टोके प्रथम जातात, कारण तिथे वर्षानुवर्षे पाणी झिरपते आणि भिंतीत घुसलेल्या टोकाला वारा लागत नाही. आम्ही प्रत्येक कडी टोच्याने तपासली. निरोगी सागवानात टोच्या पाव इंचही जात नाही. कुजलेल्या भागात तो सहज आत शिरतो आणि ठोकल्यावर आवाज बद्द येतो. मोरीजवळच्या कडीचे टोक असेच निघाले, तेव्हा स्ट्रक्चरल इंजिनीअरच्या आराखड्याप्रमाणे खाली टेकू देऊन तिला बोल्टने जोडकडी लावली आणि मगच पुढचे काम सुरू केले. कुजक्या लाकडात स्क्रू धरतच नाही, आणि ठोकळ्यांच्या ओळीमुळे त्या कडीचा भार शेजारच्या कड्यांवर जाऊन दोष काही वर्षे झाकला जातो, हे अधिक वाईट. भाडेकरूने सांगाड्याला हात लावण्यापूर्वी मालकाची लेखी संमती घ्यावी आणि उपकरप्राप्त इमारतीत म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे चौकशी करावी. हे सोपस्कार कंटाळवाणे असले, तरी लाकडी सांगाडा कोणा एका खोलीचा नसतो.

ठोकळ्यांसाठी लाकूड कोणते घ्यावे, यावर आमच्या घरी बरीच चर्चा झाली. प्लायवूडचे तुकडे, पाइन, नवे आफ्रिकन सागवान, असे सगळे पर्याय पुढे आले. आमच्या सुतारकाकांनी मात्र रे रोडच्या लाकूड बाजारातून पाडलेल्या इमारतींमधले जुने बर्मा सागवान आणण्याचा आग्रह धरला, आणि तो योग्य होता. एकोणिसाव्या शतकात ब्रह्मदेशातून मुंबईत सागवान मोठ्या प्रमाणावर येत असे. १८६३ मध्ये स्थापन झालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही त्याच व्यापारातली. त्या काळातली तुळई आज चिरली, तरी तिचे सुकणे केव्हाच संपलेले असते. नव्या, अर्धवट सुकलेल्या लाकडाचा ठोकळा घट्ट बसवला, तरी तो पुढे उंचीत आणि जाडीत आटतो, त्याचे पीळ बाहेर पडतात आणि स्क्रू सैल होतात.

लाकूड आटते ते मुख्यतः त्याच्या धाग्यांच्या रेषांना आडवे. रेषांच्या लांबीत ते जवळजवळ आटत नाही. म्हणून ठोकळ्याच्या रेषा एका कडीपासून दुसऱ्या कडीकडे जाणाऱ्याच हव्यात. रुंद फळीचा उरलेला तुकडा फिरवून बसवला आणि रेषा उभ्या आल्या, तर तो ठोकळा आटून दोन्ही बाजूंना फट सोडतो आणि स्क्रू घालतानाच उभा चिरतो. तयार झालेल्या ठोकळ्याकडे पाहून ही चूक लवकर लक्षात येत नाही, म्हणून तुकडे कापले जात असतानाच रेषा पाहाव्यात.

ठोकळ्यांची जाडी आम्ही दोन इंच आणि उंची सहा इंच ठेवली. कडीच्या उंचीच्या निदान तीनचतुर्थांश उंचीचा ठोकळा असावा, असा इंग्लंडमधला दंडक आहे आणि आठ इंची कडीला तो सहा इंच येतो. खाली राहिलेल्या दोन इंचांतून काकूंच्या पंख्याची वायर जाते. ठोकळ्याची वरची कड कडीच्या वरच्या पातळीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर खाली ठेवली, कारण कडी पुढेमागे थोडी आटली आणि ठोकळा वर आला, तर फळी त्याच्यावर टेकून प्रत्येक पावलाला करकरते.

आता मापाविषयी. घाई करणारा माणूस दोन कड्यांमधले अंतर जिथे ठोकळा बसायचा तिथेच, म्हणजे खोलीच्या मध्यावर मोजतो आणि तेवढा तुकडा कापतो. पण कड्या मध्यावरच तर डावी-उजवीकडे झुकलेल्या असतात. त्या मापाने कापलेला ठोकळा तो झोक पक्का करतो. खरे माप टेकूजवळ, म्हणजे तुळईवर कडी जिथे बसली आहे तिथे घ्यायचे. त्या मापाचा ठोकळा मध्यावर बसवला की कडी आपोआप सरळ रेषेत येते. नव्या बांधकामाला हे तंतोतंत लागू पडते. शंभरेक वर्षांच्या कडीत मात्र वाक मुरलेला असतो आणि तिला बळाने सरळ केले, तर ती टोकाशी फिरते किंवा चिरते. सुतारकाका कडीला हाताने रेटून पाहत. सहज सरकली तर टेकूजवळच्या मापाचा ठोकळा; हटून बसली तर तिच्या आहे त्या जागेप्रमाणे ठोकळा. “वहिनी, एवढी वर्षं जी जशी उभी राहिली, तिला आता जबरदस्ती करायची नाय,” असे ते म्हणाले, आणि मला त्यांचा हा निर्णय पुस्तकी नियमापेक्षा पटला. जुन्या कड्या हाताने चिरलेल्या असल्यामुळे त्यांची जाडीही जागोजागी बदलते. म्हणून एका मापाचे डझनभर ठोकळे एकदम कापून ठेवण्याचा मोह टाळला आणि प्रत्येक गाळ्याचे, म्हणजे दोन कड्यांमधल्या जागेचे, माप वर आणि खाली असे दोन्ही ठिकाणी घेतले. प्रत्येक ठोकळा एक मिलिमीटर मोठा झाला, तरी दहाव्या कडीपर्यंत ओळ जवळजवळ एक सेंटिमीटर सरकते, त्यामुळे कड्यांच्या वर आडवी दोरी बांधून दर दोन गाळ्यांनंतर पडताळा घेतला.

जखडण्याच्या पद्धती मुख्यतः तीन आहेत. पहिली, कडीच्या पलीकडच्या अंगाने आरपार खिळा किंवा स्क्रू घालून तो ठोकळ्याच्या टोकात नेणे. दुसरी, ठोकळ्याच्या अंगावरून तिरका स्क्रू घालून तो कडीत नेणे. तिसरी, धातूची एल-पट्टी लावून दोन्ही लाकडांना बाजूने स्क्रू मारणे. यांतली कोणतीही एक सर्वत्र चालत नाही, आणि इंटरनेटवर दिसणारी अमेरिकन रीत आपल्या जुन्या कड्यांना जशीच्या तशी लावणे तर धोक्याचे आहे. तिथल्या कड्या दीड इंच जाड असतात. साडेतीन इंची खिळा दीड इंचाची कडी पार करून दोन इंच ठोकळ्यात शिरतो. तोच खिळा आमच्या अडीच इंची कडीतून गेला, तर ठोकळ्यात जेमतेम एक इंच उरतो. शिवाय तिकडच्या कड्या मऊ पाइन-फर जातीच्या लाकडाच्या असतात आणि त्यांत खिळा सरळ ठोकता येतो. मुरलेल्या सागवानात आधी भोक न पाडता ठोकलेला खिळा वाकतो, नाहीतर लाकूड चिरतो.

त्यातही टोकात शिरणाऱ्या खिळ्याची मर्यादा ओळखून असावे. लाकडाच्या टोकाच्या छेदात खिळा रेषांच्या दिशेने शिरतो, त्यामुळे त्याच्या आजूबाजूचे धागे त्याला आवळून धरत नाहीत. अमेरिकेतील लाकडी बांधकामाच्या मानकात टोकाच्या छेदातल्या खिळ्याची आडवा भार घेण्याची ताकद बाजूने मारलेल्या खिळ्याच्या ०.६७ पट धरतात, आणि सरळ बाहेर खेचणाऱ्या ओढीसाठी तर त्याच्यावर मुळीच भिस्त ठेवू देत नाहीत. तिरक्या खिळ्याला तेच मानक ०.८३ पट ताकद देते. तो ठोकळ्याच्या अंगापासून सुमारे ३० अंशांचा कोन करून आणि टोकापासून खिळ्याच्या लांबीच्या एकतृतीयांश अंतरावर सुरू करून घालावा, असे त्यात आहे. आमच्या गंजलेल्या जुन्या ओळीतले खिळे नेमके टोकाच्या छेदात होते आणि बरेचसे हाताने ओढूनच बाहेर आले.

म्हणून आम्ही दोन पद्धती एकत्र केल्या. ठोकळे एका सरळ रेषेत न ठेवता एकाआड एक, मध्यरेषेच्या अलीकडे-पलीकडे बसवले. त्यामुळे प्रत्येक ठोकळ्याच्या टोकासमोर कडीची पलीकडची बाजू मोकळी राहिली आणि तिकडून पाच इंची दोन स्क्रू सरळ घालता आले. अडीच इंच कडीत, अडीच इंच ठोकळ्यात. हे स्क्रू कडीच्या उंचीच्या मधल्या भागातच ठेवले. वाकणाऱ्या कडीत सर्वाधिक ताण वरच्या आणि खालच्या कडेला असतो, मध्यभागी तो कमी होत जातो, त्यामुळे भोके तिथेच निभावतात. कडीच्या खालच्या कडेजवळ एकही भोक पाडायचे नाही, हा नियम आम्ही शेवटपर्यंत पाळला. मग ठोकळ्याच्या अंगावर प्रत्येक टोकाला एक एल-पट्टी लावली, जिचे आखूड स्क्रू दोन्ही लाकडांत बाजूने, म्हणजे रेषांना आडवे शिरतात. सरळ स्क्रू ठोकळा वर-खाली होऊ देत नाहीत, आणि कडी दूर सरू लागली तर ती ओढ पट्टी घेते.

भोके दोन मापांची हवीत, आणि इथे घाई सर्वाधिक नडते. कडीतले भोक स्क्रूच्या बाहेरच्या आट्यांएवढे, म्हणजे स्क्रू त्यात मोकळा फिरेल असे असावे. ठोकळ्यातले भोक स्क्रूच्या आतल्या दांड्याएवढे बारीक असावे, म्हणजे आटे लाकडात रुततील. दोन्हींत एकच बारीक भोक पाडले, तर आटे कडीतही रुततात आणि ठोकळा जिथे आहे तिथेच फटीसह अडकतो; स्क्रू कितीही पिळला तरी ती फट मिटत नाही. मोकळ्या भोकातून गेलेला स्क्रू मात्र ठोकळ्याला कडीकडे खेचून घेतो आणि सांधा आवळला जाताना तो किंचित कचकचल्यासारखा आवाज ऐकू येतो. कड्यांमधला गाळा फुटाभराचाच असल्यामुळे नेहमीचे ड्रिल मशीन सरळ मावत नाही आणि माणूस नकळत ते तिरके धरतो. त्यासाठी मशीनला काटकोनी तोंडाचा जोड आणला. तो नसता, तर सरळ भोके पडलीच नसती.

स्क्रू आणि पट्ट्या नागदेवी स्ट्रीटवरून आणल्या. तिथे हव्या त्या लांबीचा आणि धातूचा माल मिळतो. फक्त काय हवे ते आपल्याला आधी ठाऊक असले पाहिजे. जिप्सम बोर्डाचे काळे स्क्रू हल्ली प्रत्येक सुताराच्या पिशवीत असतात आणि ते स्वस्त असतात, पण ते कडक आणि ठिसूळ असतात. वारंवार हलणाऱ्या जमिनीत ते न वाकता एकदम तुटतात, म्हणून या कामात ते मुळीच वापरू नयेत. आमच्या खिडकीतून गिरगाव चौपाटीचा वारा येतो. खाऱ्या हवेत साधे लोखंड किती टिकते, ते जुन्या खिळ्यांनी दाखवलेच होते. म्हणून स्टेनलेस स्टीलच घेतले, आणि पट्टी व स्क्रू दोन्ही एकाच धातूचे घेतले, कारण वेगवेगळे धातू ओलाव्यात एकमेकांना लागून राहिले, तर त्यांतला एक लवकर झिजतो. खर्च वाढला. फळ्या आणि त्यावरची जमीन पुन्हा उचलण्याच्या खर्चापुढे तो काहीच नाही.

हातोडा जवळजवळ वापरलाच नाही. अधांतरी कडीवर हातोडा मारला की ती स्प्रिंगसारखी मागे जाते, घावातली निम्मी शक्ती वाया जाते आणि आधी बसवलेल्या ठोकळ्यांचे सांधे हादरतात. खालच्या छताचा रंग आणि गिलावा पडतो तो निराळाच. काकूंना रोजच्या पूजेच्या वेळी वरून माती पडण्याची काळजी होती. आम्ही त्यांच्या छताखाली प्लॅस्टिक बांधून दिले, पण खरा उपाय हातोडा बाजूला ठेवणे हाच होता.

मधल्या काळात प्लंबरने बेसिनच्या नळासाठी कड्यांच्या वरच्या कडेला खाचा पाडायची तयारी केली. त्याला थांबवावे लागले. खाच पाडायचीच, तर ती कडीच्या उंचीच्या एकषष्ठांशाहून खोल नसावी आणि पल्ल्याच्या मधल्या तिसऱ्या भागात तर मुळीच नसावी, असा अमेरिकन नियम आहे. आरपार भोक उंचीच्या एकतृतीयांशापर्यंत चालते, पण वरच्या आणि खालच्या कडेपासून दोन इंच सोडून. नळ शेवटी भिंतीच्या कडेने नेला. ठोकळे जखडण्यापूर्वी नळ आणि वायरचे मार्ग ठरवून कड्यांवर खडूने लिहून ठेवले, तर असे प्रसंग येत नाहीत.

ओळीचे शेवटचे टोक भिंतीपाशी येते आणि तिथे बहुतेक जण काम सोडून देतात. शेवटची कडी आणि भिंत यांत दीड-दोन इंचांची जागा असते. ती मोकळी राहिली, तर सगळी ओळ मिळून त्या बाजूला सरकू शकते. तिथे दोन उलटसुलट पाचरी घालून ओळ भिंतीला टेकवली आणि पाचरी व वीट यांच्यामध्ये डांबरी फेल्टचा तुकडा ठेवला, म्हणजे भिंतीतली ओल लाकडात येणार नाही. पाचरी किती आवळाव्यात, याला मुंबईच्या पावसाळ्याचा विचार हवा. सागवान शांत लाकूड असले, तरी त्यातला ओलावा उन्हाळा आणि पावसाळा यांत पाचेक टक्क्यांनी बदलला, तर अडीच इंची कडी जाडीत सुमारे अर्धा मिलिमीटर फुगते. दहा कड्यांचे पाच मिलिमीटर होतात. काम आम्ही कोरड्या दिवसांत करत होतो, म्हणून पाचरी हाताच्या दाबानेच बसवल्या आणि एकेका स्क्रूने अडकवल्या. उन्हाळ्यात ठोकून घट्ट केलेली पाचर श्रावणात जुन्या भिंतीला ढकलू शकते.

मधल्या ओळीशिवाय आणखी दोन ठिकाणी ठोकळे घातले. नवी हलकी पडदी दोन कड्यांच्या मध्ये, कड्यांना समांतर येणार होती, म्हणजे तिचे वजन नुसत्या फळ्यांवर पडले असते. तिच्या खाली दर दोन फुटांवर ठोकळे दिले, आणि ते पूर्ण आठ इंच उंचीचे दिले, म्हणजे जमिनीखालच्या पोकळीतून आग पसरायला तेवढा अडथळा राहील. या ठिकाणी ठोकळे सरळ रेषेतच यावे लागतात, म्हणून एका टोकाला तिरके स्क्रू वापरले. दुसरे ठिकाण कपडे धुण्याच्या यंत्राचे. ते मिनिटाला १,२०० फेरे घेते तेव्हा जमिनीला सेकंदाला वीस धक्के बसतात, आणि तो वेग गाठताना ते जमिनीच्या स्वतःच्या कंपनाच्या वेगातूनही जाते. यंत्र खोलीच्या मध्यावरून तुळईजवळ हलवले आणि त्याच्या चारही पायांखाली कड्या जोडणारे ठोकळे दिले.

जमीन बंद करण्यापूर्वी प्रत्येक ठोकळ्याला हाताने हलवून पाहिले आणि प्रत्येक टोकाशी कागदाची पट्टी सरकते का ते तपासले. जिथे कागद आत गेला, तो ठोकळा काढून नव्या मापाचा केला. फटीत पट्ट्या भरून वेळ मारून नेली नाही. काही जण अशा सांध्यांना गोंदही लावतात. आमच्या कड्यांवर चुन्याची जुनी धूळ इतकी मुरलेली होती की गोंद लाकडाला न चिकटता धुळीलाच चिकटला असता, म्हणून तो वापरला नाही.

जुन्या फळ्या साफ करून परत स्क्रूने बसवल्या, त्यावर प्लायवूड आणि त्यावर हलकी लाकडी जमीन घातली. कोबा आणि लाद्या परत आल्या नाहीत. मध्यरेषेवरच्या दोन फळ्या मात्र गोंद किंवा मसाला न लावता नुसत्या स्क्रूवर ठेवल्या आहेत, आणि त्यांच्यावरची जमीनही सुटी निघेल अशी केली आहे. पहिला पावसाळा आणि त्यानंतरचा उन्हाळा गेला की त्या उघडून भिंतीजवळच्या पाचरी आणि सरळ स्क्रू पुन्हा आवळायचे, असे सुतारकाकांशी ठरले आहे.